डाव्या कोपऱ्यातली किल्ली

माणसाची वाचा गेली की घरातल्या बाकीच्यांना वाचा फुटते. नानाजींच्या बाबतीत अगदी हेच झालं. उभा जन्म नागपूरच्या इतवारी बाजारात मिरचीची अडत केलेला माणूस. आवाज असा, की गल्लीच्या या टोकाला शिंकले तर त्या टोकाचा हमाल पोतं खाली ठेवायचा. मागच्या दिवाळीनंतर अर्धांगानं त्यांची उजवी बाजू गेली आणि बाजूसोबत बोलणंही गेलं. तेव्हापासून डॉक्टर बोलतो, शेजारीण बोलते, दिवसभर सांभाळायला येणारी मोनाली तर झोपेतही बोलत असेल. पुण्याहून मोठा मुलगा विश्वनाथ रोज फोनवर तोंड दाखवून बोलतो. फक्त नानाजी बोलत नाहीत. ते धाकट्या लेकीकडे, अरुंधतीकडे, नागपूरबाहेर कोराडीच्या क्वार्टरमध्ये खिडकीशी बसून असतात. समोर वीज केंद्राचे मनोरे दिवसभर वाफेचे ढग सोडत असतात, आणि नानाजी ते ढग बघत असतात.

त्या सोमवारीही असंच चाललं होतं. अरुंधती नुकतीच केंद्रातल्या ड्युटीवरून आली होती. तिनं फोन नानाजींसमोर धरला. आत विश्वनाथ.

"बाबा, ओळखलं का मले? मी विश्वनाथ. जेवले का तुम्ही?"

नानाजींनी लेकाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. डाव्या हाताचं बोट उचललं आणि फोनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात टकटक केली. विश्वनाथचा आवाज बंद पडला. तोंड हलत राहिलं, ऐकू काही येईना. नेमकं तिथंच ते बटण होतं.

अरुंधतीनं आवाज पुन्हा चालू केला. नानाजींनी पुन्हा टकटक केली. तिसऱ्यांदा तिनं फोन स्वतःकडे वळवला, तेव्हा विश्वनाथ वैतागला होता.

"पाह्यलं नं? रोजचं आहे हे. समजत नाही वं त्याइले आता काही. डॉक्टरनं नाही का सांगितलं?"

"समजते त्याइले."

"अरु, तू ड्युटी करतं. ती मोनाली आज आहे, उद्या लग्न करून जाईन. इकडे पुण्याजवळ चांगली जागा पाह्यली मी, चोवीस तास नर्स आहे. शनिवारी येऊन राहिलो. दोघांची तिकिटं काढली, दुपारच्या विमानाची."

"अरे, माझ्याकडून काढून तू त्याइले अनोळखी लोकांत नेऊन ठेवशीन? मरतीन रे ते तिथं!"

विश्वनाथ दुष्ट नव्हता, दूर राहणारा होता. दुरून माणसाला उपायच दिसतात, माणूस दिसत नाही.

"एक खूण दाखव मले," तो म्हणाला. "एक. बाबा अजून आत आहेत एवढं दिसू दे, मंग मी नाव नाही काढत."

एक खूण! अरुंधतीला हसावं की रडावं कळेना. खुणा तर नानाजी दिवसभर करत होते, पण एकच, आणि तिचा अर्थ कोणालाच लागत नव्हता. फोनच्या डाव्या कोपऱ्यात टकटक. टीव्हीजवळ नेलं की टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात टकटक. खिडकीच्या काचेवर तसंच. एवढंच काय, भिंतीवरच्या रुखमाबाईंच्या, म्हणजे त्यांच्याच गेलेल्या बायकोच्या फोटोच्या काचेवरसुद्धा खाली डावीकडे टकटक.

"मले वाट्टे नानाजी मुंग्या मारून राहिले," असं मोनालीचं मत. तिनं तिथं खडूची रेघही ओढून पाहिली. नानाजींनी त्या रेघेकडे असं पाहिलं, की बिचारीनं लगेच पुसून टाकली.

अरुंधतीनं आपल्या परीनं एक युक्ती करून पाहिली होती. तिला बोटांची भाषा येत होती. ती कशी येत होती, ते सांगायला हवं.

इतवारीत जुने अडते भाव तोंडानं बोलत नसत. खांद्यावरचा दुपट्टा (आपल्याकडे बायांची ओढणी तो दुपट्टा आणि पुरुषाच्या खांद्यावरचा पांढरा पंचा तोही दुपट्टाच) दोघांच्या हातांवर टाकायचा आणि त्याच्या आत बोटं धरून भाव सांगायचा. जेवढी बोटं धरली तेवढा आकडा. अंगठ्यानं तळहातावर टिचकी मारली की नामंजूर. आख्खा पंजा दाबला की पक्का. आणि एकदा पक्का झाला की वयानं मोठा असेल त्यानंच हात सोडायचा. तोवर धाकट्यानं सोडायचा नाही. बोटं बोलत असताना दोघंही दुसरीकडेच बघणार, आभाळाकडे नाहीतर बैलाकडे. भोवती पन्नास माणसं उभी असोत, कोणाला काही कळत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही अशी.

नानाजींनी हा खेळ घरीही आणला होता. दुपारी ते जेवायला आले की पाटावर बसत, दुपट्टा पसरत आणि दोन्ही पोरांना एकेक करून बोलवत. दुपट्ट्याखाली सौदा व्हायचा, आज किती पोळ्या खाणार याचा. नानाजी चार बोटं धरायचे. पोरगं एकच धरायचं. टिचकी. मग दोन, मग तीन. आई चुलीपुढून ओरडायची, "अहो, भाव फुटला का नाही? तवा तापून राहिला!" सौदा दोनवर फुटो की तीनवर, ताटात शेवटी एक पोळी जास्तच पडायची.

तर अरुंधतीनं तीच बोटं धरून पाहिली होती. "बाबा, किती पोळ्या?" म्हणून तिनं त्यांची बोटं हातात घेतली. नानाजींनी हिसडा देऊन हात काढून घेतला. बापानं आपला हात झिडकारला, हे दुःख तिनं कोणाला सांगितलंही नाही.

शुक्रवारी तिला अर्धी सुट्टी होती. जेवून ती नानाजींच्या खाटेशेजारी चटईवर आडवी झाली. दुपारचं ऊन वाफेतून गाळून येत होतं, बाहेर कोळशाचे ट्रक गुरगुरत होते, आणि त्या गुरगुरण्यातच तिला झोप लागली. स्वप्नात ती इतवारीत होती. इतवारी तीच, पण दुकानांना फळ्या नव्हत्या, सगळीकडे काचेच्या खिडक्याच खिडक्या. एका खिडकीत हळद, एकीत पितळी गंगाळं, एकीत नुसता समुद्र. हातगाड्या जमिनीपासून वीतभर वरून चालल्या होत्या आणि त्यांचा आवाजच होत नव्हता. बाबा पुढे चालले होते, चालत होते चांगले दोन्ही पायांनी. प्रत्येक खिडकीशी थांबत, वाकत, खाली डाव्या कोपऱ्यात बघत आणि मान हलवून पुढे जात. वर आभाळात भर दुपारी तारे तुटून पडत होते. "बाबा, काय शोधून राहिले?" तिनं विचारलं. बाबा मागे वळून म्हणाले, अगदी पूर्वीच्या आवाजात, "किल्ली पाह्य वं आधी."

ती ताडकन उठून बसली. नानाजी खिडकीच्या काचेवर टकटक करत होते. खाली, डावीकडे.

"अरे देवा," अरुंधती म्हणाली. "किल्ली!"

आता ही किल्ली कोणती, ते आजच्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही.

अरुंधती कॉलेजात होती तेव्हा नागपुरात इंटरनेट नुकतंच येऊ घातलं होतं. त्याआधी ते होतं मास्तर लोकांचं. काळ्यावर नुसती अक्षरं, विद्यापीठातली माणसं एकमेकांना कागद धाडायची, आणि तिथं दुकान मांडायची गोष्ट काढणं म्हणजे देवळात भाजी विकण्यासारखं. मग ब्राउझर आले आणि सगळं पालटलं. चित्रं दिसू लागली. निळ्या अक्षरावर बाण टेकवला की दुसऱ्या गावात, तिथून तिसऱ्या. कोणीही यावं, कोणीही बघावं. पण नुसती गर्दी झाली म्हणून बाजार होत नाही हो. जत्रेत बघणारे फार, घेणारे थोडे. तारेतून जाणारा आकडा वाटेत कोणीही वाचून घेऊ शकत होता, मग पैशाची गोष्ट कोण बोलणार? तेव्हा नेटस्केप नावाच्या ब्राउझरनं खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक एवढीशी किल्ली आणून ठेवली. साधं उघडं पान असलं की किल्ली तुटलेली दिसायची. गुपित राखणारं पान आलं की किल्ली सांधून अख्खी व्हायची. म्हणजे आता तू आणि दुकानदार, मधे तिसरा कोणी नाही. एवढ्याशा त्या किल्लीवर जगातला बाजार आत शिरला.

अरुंधतीनं शिकवण्या करून एक जुना कम्प्युटर घेतला होता. एका दुपारी नानाजी मागे येऊन उभे राहिले. वरच्या उजव्या कोपऱ्यात रात्रीचं इवलंसं आभाळ होतं, आणि पान येत असलं की त्यात तारे तुटून पडायचे. नागपूरची लाइन अशी, की पान येईपर्यंत तारे पडतच राहायचे. नानाजींना ते फार आवडलं. मग पान आलं.

"हे काय वं?"

"दुकान आहे बाबा. अमेरिकेतलं. पुस्तकं विकतात."

"दुकानदार कुठी आहे?"

"तिकडंच."

"अन् पैशे?"

"इथं कार्डाचा नंबर लिहायचा."

"चारचौघात?" नानाजींच्या भुवया टोपीला लागल्या. "भर बाजारात भाव वरडून सांगते तो अडत्या नाही पोरी, येडा आहे."

तिनं त्यांना कोपरा दाखवला. तुटकी किल्ली. मग पैशाचं पान उघडलं. तारे पडले, पडले, आणि किल्ली अख्खी झाली. आता लिहिलेलं फक्त दुकानदाराला दिसतं, असं तिनं सांगितलं. नानाजी बराच वेळ त्या किल्लीकडे बघत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, तिच्या हातांवर आणि कीबोर्डवर अलगद पसरला आणि गदागदा हसले.

"अरे, हा तं आपला दुपट्टा आहे! पाहजो तू आता. सारी दुनिया इतवारी होते का नाही, पाहजो."

आणि झालीच की! पुढं बापलेकींनी भिवापुरी मिरचीचं एक पान केलं. भाव त्यावर लिहायला नानाजींनी साफ नकार दिला. ज्याला हवा त्यानं किल्लीच्या आड विचारावा. नैरोबीहून एका मसालेवाल्यानं खरंच विचारला, तेव्हा नानाजींनी दुपट्टा पसरून त्याच्याखालून लेकीकडून उत्तर लिहून घेतलं. पोती मुंबईमार्गे गेली. विश्वनाथ तेव्हा नुकताच पुण्याला नोकरीला लागला होता. "मिरची काय तारेतून जाते का बाबा?" म्हणून तो फोनवर हसला. नानाजी त्याच्याशी फोनवर घरचं काही बोलत नसत. "तब्येत बरी आहे" एवढंच. अरुंधतीनं विचारलं, काहून असे तुटक बोलता हो? तर म्हणाले, "याच्यात किल्ली कुठी आहे?"

पुढं किल्लीचं कुलूप झालं, कुलूप खालून वर सरकलं, आणि आता तर तेही दिसेनासं झालंय. पानठेल्यावर चौकोनी स्टिकर चिकटवलाय, पोरं चालत्या गाडीवरून पैसे टाकतात, किल्ली बघायला कोणाला सवड आहे? सवड होती एकट्या नानाजींना. आजारानं त्यांचं नुसतं बोलणं नेलं होतं. सवय होती तिथंच होती. लेक काचेत येऊन "बाबा, जेवले का" विचारत होता आणि बाप किल्ली शोधत होता. सापडेपर्यंत घरची गोष्ट कशी बोलणार?

अरुंधतीनं तोंडावर पाणी मारलं, मोनालीला सांगितलं आणि शहराची बस पकडली.

इतवारीत नेहमीसारखी चेंगराचेंगरी. हातगाड्यांतून वाट काढत ती मिरचीच्या गल्लीत पोचली. नानाजींची गादी आता गणपतराव चालवत होते. हे नानाजींच्याच जोडीचे, वयानं थोडे लहान, मिशीनं मोठे.

"नानाजी कसा आहे वं?"

"बोलत नाहीत काका."

"भाव पाडून राहिला असंन," गणपतराव म्हणाले. "तो मुकाट बसला का आपण समजून जायचं, भाव पाडून राहिला."

अरुंधतीला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा खरं हसू आलं. गादी सोपवताना माळ्यावर टाकून दिलेल्या आपल्या जुन्या कम्प्युटरचं तिनं विचारलं. तो होता. मिरचीच्या माळ्यावर ना उंदीर जातो ना वाळवी. लाल धुळीनं माखलेला डबा आणि तो पोटसुटा मॉनिटर हमालानं खाली काढला. तो शिंकला, ती शिंकली, गणपतरावांनी मात्र नुसतं नाक चोळलं. डबा पायाशी आणि मॉनिटर मांडीवर घेऊन ती ऑटोनं कोराडीला परतली. रस्ताभर ऑटोवाला आरशातून बघत होता, भंगार विकायला बाई उलट्या दिशेला कुठं चालली म्हणून.

घरी आल्यावर तिनं तो चालू करून पाहिला नाही. चालू नाही झाला तर? एक रात्र तरी आशा शाबूत राहू दे, असं तिला वाटलं.

शनिवारी सकाळी विश्वनाथ आला. नानाजींच्या पाया पडला. नानाजी ढगांकडे बघत होते. बटणाच्या टी-शर्टात ते कोणाचे तरी दुसऱ्याचे बाबा दिसत होते. मोनालीनं त्यांचे सदरे आणि दुपट्टे केव्हाच कपाटात ठेवून दिले होते. दुपट्टा सारखा वरणात बुडायचा म्हणून.

"बाबा, येता नं माझ्यासोबत?"

विश्वनाथनं बहिणीकडे पाहिलं. त्या नजरेत जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट तो खचलेलाच दिसला. तरी खचलेला माणूसही तिकिटं वाया जाऊ देत नाही.

"थांब," अरुंधती म्हणाली आणि तिनं टेबल नानाजींपुढे ओढलं.

"हे काय भंगार आणलं वं?"

तिनं वायरी जोडल्या, मनात आईचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. डब्यातला पंखा घरघरला, आणि वर्षानुवर्षांची भिवापुरी एका दमात खोलीत उडाली! मोनाली शिंकली. अरुंधती शिंकली. विश्वनाथ सटासट शिंकत खुर्ची धरून उभा राहिला. आणि मग नानाजी शिंकले. पूर्वीसारखे, गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल असे. बाजूच्या क्वार्टरमधलं कुत्रं भुंकायला लागलं.

"ही... ही आपली मिरची आहे," विश्वनाथ डोळे पुसत म्हणाला. का कोण जाणे, तो हळूच बोलला.

पडदा उजळला. कम्प्युटर आजची तारीख विसरला होता, कुठल्या तरी जुन्याच सालात जागा झाला होता. कोपऱ्यात नेटस्केपचं ते जहाजाच्या चाकाचं चित्र होतं. तिनं त्यावर टिचकी मारली आणि खिडकी उघडली. वर इवलंसं आभाळ होतं. पलीकडे आता कोणीही नव्हतं, तरी तो ब्राउझर बिचारा शोधायला निघाला, आणि तारे तुटून पडू लागले.

नानाजी पुढे झुकले. डावा हात उचलला. मोनालीनं जीभ चावली, आता ठोकतात म्हणून. पण या वेळी टकटक झाली नाही. बोट खालच्या डाव्या कोपऱ्यात गेलं आणि तिथं टेकून राहिलं.

"काय आहे तिथं?" विश्वनाथनं विचारलं.

"किल्ली. दादा, बाबा इतके दिवस किल्ली शोधून राहिले. तुझ्या फोनमध्ये, टीव्हीत, आईच्या फोटोत. किल्ली दिसल्याबिगर ते घरचं बोलत नाहीत, तुझ्याशी फोनवर बोलले का कधी?"

विश्वनाथनं खाली वाकून पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"पण अरु, ही तं तुटकी आहे."

तुटकीच होती. हे अरुंधतीनं धरलंच नव्हतं. आजच्या जगातलं एकही पान या जुन्या ब्राउझरला उघडणार नव्हतं, म्हणजे ही किल्ली आता कधीच अख्खी होणार नव्हती. एवढा खटाटोप करून तिनं बापाला काय दाखवलं, तर बाजार उघडा आहे, बोलू नका!

नानाजींचं बोट कोपऱ्यावरून निघालं. हात हळूहळू वर गेला, छातीवरून आडवा, मेलेल्या उजव्या खांद्यावर. तिथं चाचपला. खाली आला. पुन्हा वर जाऊन चाचपला.

"खाज सुटली असंन," विश्वनाथ थकून म्हणाला. "मी खाजवतो बाबा."

तो शेजारी बसला आणि खांदा चोळू लागला. नानाजींनी त्याचा हात झटकला आणि पुन्हा तोच रिकामा खांदा चाचपला. आणि अरुंधतीच्या डोक्यात लख्ख झालं. किल्ली तुटकी असली तर अडत्या काय करतो?

"मोनाली! बाबांचा दुपट्टा! कपाटातला, धाव!"

मोनाली धावली. अरुंधती मात्र जागच्या जागी रडायला लागली. बोटं धरली तेव्हा बापानं तिला झिडकारलंच नव्हतं. भर उजेडात, उघड्यावर, मोनालीसमोर तिनं बोटं धरली होती. कोणता अडत्या धरू देईल? आणि दुपट्टा त्यांच्या खांद्यावरून आपणच काढून घेतला होता, वरणात बुडतो म्हणून. देवानं एक तोंड बंद केलं होतं. दुसरं घरच्यांनी घडी घालून कपाटात ठेवलं होतं.

पांढराशुभ्र दुपट्टा नानाजींच्या मांडीवर आला. त्यांनी एका हातानं तो उलगडला, एक टोक दातात धरून झटकला आणि नीट पसरला. मग डावा हात खाली सारला. अरुंधती पुढे झाली. पण नानाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी कोपरानं विश्वनाथला ढोसलं. तिला क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. इतके महिने सेवा कोणी केली?

"ठेव हात, दादा," ती म्हणाली.

"अगं, काय हे..." म्हणत विश्वनाथनं अवघडून हात दुपट्ट्याखाली घातला. नानाजींनी तोंड फिरवलं आणि ते खिडकीबाहेर ढगांकडे बघू लागले.

पांढऱ्या कापडाखाली काहीतरी हललं. विश्वनाथ हसणार होता. ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

"चार," तो पुटपुटला.

पुन्हा हललं. त्याला नागपूर सोडून तीस वर्षं होत आली होती, पण बोटं कुठं गाव सोडतात? त्याच्याही हाताची हालचाल झाली. मग तो एकदम दचकला.

"टिचकी मारली वं यायनं मले! मी दोन म्हटलं तं टिचकी मारली!"

"दोन काय, दादा?"

विश्वनाथनं बहिणीकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाचं तोंड लहान पोरासारखं वाकडं झालं होतं.

"पोळ्या," तो म्हणाला. "बाबा विचारून राहिले, प्रवासातून आला, किती पोळ्या खाशीन." आणि तो मोठ्यानं रडू लागला, एकाच हातानं डोळे पुसत, कारण दुसरा दुपट्ट्याखाली होता.

नानाजी ढगांकडेच बघत होते. दुपट्ट्याखाली आणखी थोडा वेळ घासाघीस चालली. मग आख्खा पंजा दाबला गेला. ते कापडाबाहेरूनही कळलं.

"तीन," विश्वनाथ म्हणाला. "तीनवर फुटला, अरु. तीन टाक मले."

मोनालीनं डोळे पुसत घड्याळाकडे पाहिलं. "दादा, तुमची गाडी येऊन राहिली नं? विमान?"

विश्वनाथनं मोकळ्या हातानं फोन काढला आणि गाडीवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. दुपट्ट्याखालचा हात त्यानं काढला नाही. नानाजींनी तो सोडला नव्हता, आणि त्यांनी सोडल्याशिवाय सोडायचा नसतो, हे त्याला आठवत होतं.

अरुंधती स्वयंपाकघरात गेली. परातीत कणीक घेतली, पाणी घातलं. बाहेरून मधूनच शिंक येत होती, जुना पंखा घरघरत होता. तवा तापला तेव्हा तिनं दादासाठी तीन पोळ्या लाटल्या आणि मग, सवयीनं, आणखी एक.